नियम बदलल्यावर गाडी कशी चालवावी: गासमधल्या होतकरूंसाठी

पात्रता

वसईजवळच्या गासमध्ये राहणारा, एमएच ४८ पासिंगच्या स्कूटरवर हात बसलेला आणि फॉर्म्युला वनची गाडी चालवायची इच्छा बाळगणारा कोणीही. निर्मळ, भुईगाव, वाघोली इथल्या अर्जदारांचाही विचार होईल. शर्यतीचा अनुभव नसल्यास प्राधान्य.

ही छपाईतली चूक नाही. या धंद्यात दर थोड्या वर्षांनी गाडीचे नियम बदलतात, आणि बदलले की सगळ्यात जास्त मार बहुधा त्याला बसतो ज्याला जुन्या नियमांतली गाडी सगळ्यात चांगली चालवता येत होती. तुम्हाला काहीच येत नाही, म्हणजे तुमचं काहीच बुडणार नाही. हा अख्खा अभ्यासक्रम तेवढ्या एका भांडवलावर उभा आहे.

साहित्य

प्लास्टिकची खुर्ची, एक. स्टीलचं मोठं ताट, एक, हे स्टिअरिंग. रबरी स्लिपरा दोन. डावी ब्रेक, उजवी ॲक्सिलरेटर. बसायची जागा पडवीत, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसणार नाही अशी.

रस्ता लागत नाही. सनसिटी-गास रस्ता चांगला मोकळा आहे, सरळ आहे, त्यामुळे मोह होणार हे गृहीत धरलेलं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ त्यासाठीच लिहिलंय: सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय पावसाळ्यात तो रस्ता पाण्याखाली जातो. होड्यांच्या शर्यतीचं मार्गदर्शन वेगळं आहे, तूर्त उपलब्ध नाही.

धडा पहिला: डावा पाय

खुर्चीत बसा. डावा पाय डाव्या स्लिपरवर ठेवा. आपण इथे कशाला आलो असं त्याला वाटेल. चारचाकीवाल्यांच्या डाव्या पायाला क्लचपलीकडे काही माहीत नसतं आणि स्कूटरवाल्यांच्या डाव्या पायाला तेवढंही नसतं. वाटू द्या.

१९८९ साली फेरारीनं स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी गाडी आणली. नायजेल मॅन्सेलनं मोसमाच्या पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलला, ती जिंकवून दाखवली आणि पुढच्या काही वर्षांत फॉर्म्युला वनमधून क्लचचं पेडल हद्दपार झालं. डावा पाय मोकळा झाला. कार्टिंगमधून येणाऱ्या पोरांना डाव्या पायानं ब्रेक मारायची सवय होतीच, त्यांचं फावलं. एक पाय उचलून दुसरीकडे न्यायचा वेळ वाचला, आणि वळणात दोन्ही पेडलं थोडी थोडी दाबून गाडी सावरता येऊ लागली. रुबेन्स बारिकेलो मात्र पुढेही कित्येक वर्षं उजव्याच पायानं ब्रेक मारत राहिला, आणि फेरारीत बसून शर्यतीही जिंकला. पहिल्याच धड्यात आमचा सिद्धान्त लंगडा पडला, याची नोंद घेऊन पुढे चला.

व्यायाम: डावी स्लिपर एकदम पूर्ण ताकदीनं दाबा आणि मग हळूहळू सोडा. स्कूटरवर आपण उलटं करतो, आधी हळू, मग जोरात, मग ओरडून. शर्यतीच्या गाडीला वेगात असताना हवा जमिनीवर दाबून धरते, म्हणून ब्रेक सुरुवातीलाच पूर्ण मारता येतो. वेग उतरतो तसा हवेचा दाबही उतरतो. त्याच मापानं पाय उचलला नाही तर चाक जाम होतं, टायर एका जागी घासून सपाट होतो. या सपाट टायरची गोष्ट तिसऱ्या धड्यात आहे. गोष्ट वाईट आहे.

धडा दुसरा: कॉम्प्युटर गेला

१९९३ पर्यंत गाड्या फार शहाण्या झाल्या होत्या. सस्पेन्शन स्वतःहून खालीवर होई, चाकं घसरू लागली की कॉम्प्युटर इंजिनाचा जोर कमी करी, ब्रेक जाम होत नसत. १९९४ ला हे सगळं बंद. जी चाकं कॉम्प्युटर सांभाळायचा ती पुन्हा माणसाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडे आली. २००१ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोलला परत परवानगी मिळाली, कारण कोण चोरून वापरतंय हे पकडता येत नव्हतं. २००८ मध्ये सगळ्या गाड्यांना एकाच नमुन्याचा कॉम्प्युटर बसवून ते पुन्हा काढून घेतलं.

या ये-जा करणाऱ्या नियमात अडकलेल्या ड्रायव्हरची कल्पना करा. २००१ ते २००७ या काळात वर आलेल्या पोरानं वळणातून बाहेर पडताना पाय धाडकन दाबायचा आणि बाकीचं यंत्रावर सोडायचं, हेच शिकलेलं. २००८ ला तोच पाय दाबला की गाडी गिरकी घेई. पाऊस असेल तर विचारायलाच नको.

व्यायाम: उजवी स्लिपर अशी दाबा की ती दबते आहे हे तुम्हाला कळेल, पण तिला कळणार नाही.

धडा तिसरा: एकच चप्पल-जोड

२००५ साली नियम निघाला की पात्रता फेरी आणि शर्यत एकाच टायर-संचावर काढायची. टायर फुटला किंवा खराब झाला तरच बदलायचा. त्याआधीची चाल वेगळी होती: पंधरा-वीस फेऱ्या जीव तोडून पळवा, आत या, नवे टायर घाला, पुन्हा जीव तोडा. आता तीनशे किलोमीटर त्याच रबरावर काढायचे. पहिल्या फेरीत केलेला माज शेवटच्या फेरीत वसूल होऊ लागला.

२९ मे २००५, जर्मनीतलं न्यूरबर्गरिंग. मॅक्लॅरेनचा किमी रायकोनेन पुढे होता. मागे पडलेल्या जॅक व्हिलनव्हला ओलांडताना त्यानं ब्रेक जास्त दाबला, पुढचं उजवं चाक जाम झालं आणि टायरवर सपाट डाग पडला. सपाट डागाचा टायर दर फेऱ्याला ठोका देतो. त्या वेगात तो ठोका इतका भरभर बसतो की सगळी गाडी थरथरते. टीव्हीवर त्याचं चाक हलताना लोकांना घरबसल्या दिसत होतं. आत येऊन टायर बदलावा तर पहिला नंबर जातो. संघानं नशिबावर हवाला ठेवला. शेवटच्या फेरीत, पहिल्याच वळणाला ब्रेक मारताना सस्पेन्शन मोडलं, गाडी वाळूत, आणि मागून येणारा फर्नांडो अलोन्सो जिंकला.

तीनच आठवड्यांनी, १९ जूनला, इंडियानापोलिसला याच नियमानं आणखी मोठा तमाशा घडवला. तिथल्या तिरप्या बांधणीच्या वळणावर आपले टायर टिकतील याची मिशेलिनला खात्री देता येईना. शर्यतीच्या मधे टायर बदलायची सोय असती तर काहीतरी मार्ग निघाला असता. तसा तो निघाला नाही, आणि मिशेलिनचे टायर असलेल्या १४ गाड्या सुरुवातीच्या फेरीनंतर सरळ आत निघून गेल्या. उरल्या ब्रिजस्टोनवाल्या सहा. त्यात जॉर्डन संघाचा नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला, पाच गुण मिळाले, फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. सहातला चौथा, असं हसून सांगणारे भेटतील. त्यांना विचारा, बाबा रे, तू कितव्यातला कितवा?

२००६ ला टायर बदलण्याची परवानगी परत आली. वर्षभर काटकसर शिकलेल्यांची विद्या एका हिवाळ्यात वाया गेली. पण टाकून देऊ नका. ती पुन्हा लागते.

मध्यंतर: ताटाविषयी

अलोन्सोला इथे थांबून पाहणं भाग आहे. २००५ आणि २००६ अशी दोन्ही वर्षं तो रेनोच्या गाडीतून विश्वविजेता झाला. त्या गाडीचं वजन मागे झुकलेलं आणि टायर मिशेलिनचे. वळणाच्या तोंडाशी तो स्टिअरिंग एकदम, गरजेपेक्षा जास्त वळवायचा. पाहणाऱ्याला वाटे, याला कोणी शिकवलं? पुढचे टायर घसरत असतानाही धरून राहायचे, मागची चाकं स्थिर राहायची, आणि हा प्रत्येक वळणात तेच, तसंच, त्याच मापानं करायचा. २००७ ला तो मॅक्लॅरेनमध्ये गेला. मिशेलिननं खेळ सोडला होता, सगळ्यांना ब्रिजस्टोनच. त्या टायरना हा हिसका चालेना. दोन वर्षं ज्या हातांनी जग जिंकलं, त्याच हातांना त्यानं पुन्हा हळू वळायला शिकवलं, आणि त्या मोसमात एका गुणानं विजेतेपद हुकलं. हाच माणूस पुढे चाळिशी ओलांडल्यावर, २०२३ मध्ये, ॲस्टन मार्टिनच्या गाडीतून आठ वेळा पहिल्या तिघांत आला. तोवर इंजिनाचे दहाचे आठ आणि आठाचे सहा सिलिंडर झाले होते, विजेची मोटर आली होती, गाडी लांबरुंद झाली होती.

अनुभव नसलेल्याला प्राधान्य, असं आम्ही वर म्हटलंय. अलोन्सोनं अर्ज केल्यास नियम शिथिल करण्यात येईल.

व्यायाम: ताट दोन्ही हातांत धरा. आधी एकदम वळवा, रेनो. मग हळू वळवा, मॅक्लॅरेन. आतून आईची हाक येईल, ‘ताट आण रे, वाढायचंय.’ या वेळी ताट द्यावं. शर्यतीत संघाचा हुकूम मोडणाऱ्यांचं पुढे काय होतं ते वेगळ्या अभ्यासक्रमात आहे.

धडा चौथा: उलटा पाय

सगळ्यात अवघड धडा हा. जेवून बसा.

२०१० च्या सुमाराला संघांनी इंजिनातून बाहेर पडणारा गरम झोत गाडीच्या बुडाखाली, मागच्या बाजूला सोडायची युक्ती पुन्हा वर काढली. त्यानं बुडाखालची हवा जोरात ओढली जाई आणि मागची चाकं जमिनीला चिकटत. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की पकड वाढते. आता तुम्ही वळणात आहात, मागचं चाक घसरू लागलंय. तुमचं सगळं शरीर, तुमचे सगळे पूर्वज एकमुखानं सांगतात की पाय उचल. उचलला की झोत कमी, पकड कमी, गाडी गेली. दाबला तर वाचलात.

सेबास्टियन व्हेटेलनं पूर्वजांचं ऐकणं सोडलं. बहुतेकांना भीती वाटे त्या क्षणी तो पाय खाली नेई, गाडी वळणाच्या मधेच चटकन फिरवून घेई आणि बाहेर पडे. २०१० ते २०१३ अशी सलग चार विजेतेपदं. चौथं तर भारतातच, २७ ऑक्टोबर २०१३ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. तिथे झालेल्या तिन्ही शर्यती त्यानंच जिंकल्या. त्या दिवशी गाडी ठरलेल्या जागी न नेता त्यानं लोकांसमोर गोल गोल फिरवली आणि उतरून तिच्यापुढे गुडघ्यावर बसून हात जोडले. त्याला ताकीद मिळाली आणि त्याच्या संघाला २५,००० युरो दंड झाला. भारतात वाहनाला नमस्कार केल्याबद्दल दंड होण्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

२०१२ पासून नियम त्या झोताच्या मागे लागलेच होते. संघांनी पळवाटा काढल्या. २०१४ ला एक्झॉस्टचं तोंड मागे मधोमध नेऊन ठेवलं आणि खेळ संपवला. त्या वर्षी व्हेटेलला एकही शर्यत जिंकता आली नाही. त्याच संघात नव्यानं आलेला डॅनियल रिकार्डो तीन जिंकला. आमचा सिद्धान्त ज्याला म्हणतात, तो हाच. चार वर्षं घोटून घोटून बसवलेला पाय आणि त्याला करायला कामच उरलेलं नाही. शेजारी हसतमुख पोरगा, ज्याला त्या पायाची सवय फारशी लागलीच नव्हती.

व्यायाम नाही. हा व्यायाम खुर्चीत करून मागे पडल्याच्या तक्रारी येऊ शकतात.

पाठीसाठी सूचना

२०२२ च्या नियमांनी हवेचा दाब बुडाखालून घ्यायला सांगितला. गाडी वेगात जमिनीला ओढली जाई, फार जवळ गेली की हवेची वाट बंद होऊन वर उसळे, पुन्हा ओढली जाई. बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टन गाडीतून पाठ धरत उतरला. २००७ पासून तोवर दर वर्षी किमान एक शर्यत जिंकलेला माणूस, त्याची २०२२ आणि २०२३ ही वर्षं कोरडी गेली. ब्रेक उशिरा मारून गाडी वळणात झोकायची ही त्याची खासियत, आणि खाली बसलेल्या, ताठ गाड्यांना नेमकी तीच नको होती. २०२४ च्या जुलैत सिल्व्हरस्टोनला तो पुन्हा जिंकला. या पिढीच्या गाड्या आपल्याला आवडल्या नाहीत, हे त्यानं लपवलं नाही. आमचं मत असं की सात वेळच्या विजेत्यानं गाडी आवडत नाही म्हणणं आणि आपण खड्डे आवडत नाहीत म्हणणं, यांत पाठीच्या दृष्टीनं फरक नाही. उशी घ्या.

धडा पाचवा: पाय उचला

२०१४ ला संपूर्ण शर्यतीसाठी १०० किलो इंधनाची मर्यादा आली. तेव्हापासून वेगवान ड्रायव्हर तो, ज्याला सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकच्या आधीच पाय उचलून गाडी नुसती वाहू देता येते. शर्यतीत पाय उचलायचा, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खुळेपणा वाटतो. पण तीच काटकसर, टायरऐवजी टाकीत.

विजेच्या गाड्यांत तर सगळी शर्यतच यावर. मुंबईचा जेहान दारुवाला फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकून २०२३-२४ च्या मोसमात फॉर्म्युला ईमध्ये मासेराटीसाठी धावला. त्या पिढीच्या गाडीत मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेकच नव्हते. मोटरच जनरेटर होऊन गाडी थांबवी आणि त्यातून निघालेली वीज बॅटरीत परत भरे. म्हणजे ब्रेक मारणं हे कमावणं. शर्यतभर पूर्ण वेगानं पळायला पुरेल एवढी ऊर्जा गाडीत नसतेच, त्यामुळे कोण कधी खर्च करतो आणि कोण कोणाच्या मागे हवेच्या आडोशाला बसून वाचवतो, यावर निकाल लागतो. आयुष्यभर जोरात पळायला शिकलेल्या पोराला इथे हिशेब शिकावा लागतो, तोही ताशी दोनशेनं पळताना.

२०२६ पासून फॉर्म्युला वनही त्याच गल्लीत शिरलंय. विजेच्या मोटरची ताकद १२० किलोवॅटवरून ३५० वर, म्हणजे गाडीची जवळजवळ अर्धी ताकद विजेची. पंख सरळ रस्त्यावर आडवे पडतात आणि वळणाआधी उभे राहतात. गाडी थोडी आखूड, थोडी अरुंद, किमान वजन ७६८ किलो. मॅक्स व्हर्स्टाप्पेननं २०२३ मध्येच सिम्युलेटरच्या आधारे तक्रार केली होती की मोंझाच्या सरळ रस्त्यावर बॅटरी भरायला पाय पूर्ण दाबलेला ठेवून गिअर खाली टाकावे लागतील. सरळ रस्त्यावर, पूर्ण वेगात, गिअर खाली! आमच्या मते तक्रार रास्त आहे. पण हे नियम ड्रायव्हरसाठी लिहिलेले नाहीत. ते इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांसाठी लिहिले. ऑडीनं या खेळात यायचं ठरवलं ते याच इंजिन-नियमांकडे बघून. पाय कोणाचा वळतोय हे तिथे शेवटी विचारतात.

प्रात्यक्षिक: छकडा

एवढं सगळं टीव्हीवर. नियम बदलल्यावर हात कसे बदलतात हे मराठी मुलखात प्रत्यक्ष बघायचं असेल तर सातारा-सांगलीकडच्या बैलगाडी शर्यतींच्या मैदानावर जा. तिथेही छकड्यावर बसणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात, तिथेही गट असतात, फायनल असते.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले, पण उच्च न्यायालयात ते अडकले. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मधली सात वर्षं ड्रायव्हर थांबू शकला. २०१४ ला ऐन भरात असलेला चार वर्षांचा बैल २०२१ ला अकरा वर्षांचा झाला होता. फॉर्म्युला वनच्या कुठल्याच नियमबदलानं एवढं नुकसान केलेलं नाही.

परत आलेल्या शर्यतीचं नियमपुस्तक नवं: जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, धाव एक हजार मीटरपेक्षा जास्त नाही, बैलांची डॉक्टरांकडून तपासणी, आणि ड्रायव्हरच्या हातात काठी नाही, चाबूक नाही, विजेचा झटका देणारं यंत्र नाही. नियम मोडून जनावराला वेदना दिल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. ज्याची सगळी विद्या काठीच्या टोकाला होती, तो ड्रायव्हर एका रात्रीत नवशिका झाला. उरलं काय? कासरा, आवाज, आणि छकड्यावर स्वतःचं वजन कुठे टाकायचं याची समज. शर्यत मैदानाऐवजी गोठ्यात जिंकायची वेळ आली: कोणत्या बैलाशेजारी कोणता जुंपायचा, कोण कोणाच्या आवाजाला उठतो, कोण गर्दीला बुजतो. काठी सगळ्या मैदानांवरून खरोखर गेली की नुसती कागदावरून, ते बघणं पंचांचं आणि पोलिसांचं काम. पण हा नियम ओढणाऱ्याचा विचार करून लिहिलाय, आणि गाड्यांच्या जगातल्या बऱ्याच नियमांपेक्षा म्हणून तो आम्हाला बरा वाटतो.

बैलाला मात्र काही शिकवायला जाऊ नका.

प्रवेशप्रक्रिया

भारतात अधिकृत शर्यतीत उतरायला एफएमएससीआय, म्हणजे मोटार-शर्यतींच्या क्लबांचा राष्ट्रीय महासंघ, त्याचं लायसन्स लागतं. विरारच्या आरटीओत ते मिळत नाही. तिथे विचारून वेळ घालवू नये. मोठे ट्रॅक कोइमतूरला आणि चेन्नईजवळ आहेत, तिसरा ग्रेटर नोएडाला. तिथवरचं भाडं, गाडीचं भाडं, टायर, हेल्मेट हे सगळं अर्जदारानं सोसायचं आहे, आणि केळीच्या वाडीवर ते निघेल का याचा हिशेब घरात मोठ्यांसमोर आधीच करावा. सुरुवात कार्टिंगनं करा; डावा पाय तिथेच तयार होतो. तांत्रिक नियमावली इंग्रजीत आहे आणि मोसमाच्या मधेही दुरुस्त होते. ती छापून, बाइंडिंग करून ठेवू नका. फोनवर ठेवा, आणि शर्यतीच्या आदल्या रात्री नवी आवृत्ती आली आहे का ते बघा.